चोराच्या डब्यातली शाई

मंडळी, आख्यानाआधी एक प्रश्न विचारते. पुरात बुडणाऱ्या माणसाला कुणी हात दिला, तर तो काय करतो? हात धरतो! का आधी त्या हाताचा रंग बघतो? "जरा उजळ असता तर धरला असता हो!" असं म्हणत कुणी बुडाल्याचं ऐकलंय? नाही ना? बुडताना आपण सगळे शहाणे असतो. कोरड्या जागी बसलो, की रंग दिसायला लागतात!

प्रश्न का सुचला? दुपारी सरपंचांकडे फराळाला बसले होते, तर त्यांच्या नातवंडांत हे भांडण. परदेशी चित्रकथांचं हो! त्यातला उडणारा सुपरहिरो यंदा म्हणे आफ्रिकी वंशाचा केलाय, आणि त्याची जोडीदारीण चिनी. नातू तणतणत होता, "कीर्तनवाल्या आजी, सुपरहिरो असा असतो का?" मी म्हटलं, बाळा, आजवर किती उडणारे भेटले तुला? — माणूस उडतो, हे पटलं! भिंतीतून आरपार जातो, हे पटलं! काळा आहे, तेवढं पटेना!

पण त्या पोराला हसू नका. हेच भांडण तुमच्या या कृष्णाकाठच्या गावात होऊन गेलंय. मी तेव्हा परकरी पोर. ऐका!

पेठेत दामोदरपंत गुळवणींचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पंचांगं, आणि दर महिन्याला मुलांसाठी एक चित्रकथा. ती चित्रं काढायची पारू मल्लाव. भोई गल्लीतली पोर, चित्रकलेच्या परीक्षा देऊन आलेली. तिचा बाप सत्याप्पा घाटावर नाव चालवायचा. मोठा पूर आला, तेव्हा त्यानं छपरांवर अडकलेली माणसं एकेक करून काठाला आणली. आणि वर्तमानपत्रात फोटो कुणाचा आला? काठावर छत्री धरून उभ्या असलेल्या साहेबाचा! छत्री मात्र स्पष्ट आली होती.

पारूला ते लागलं. ती म्हणाली, "बाबा, तुमचं चित्र मी छापून आणते. साऱ्या मुलुखातली पोरं बघतील!" आणि तिनं वादळवीर जन्माला घातला. डोळ्यांवर मुखवटा, पाठीवर वाऱ्यात उडणारं घोंगडं, आणि हनुवटी, दंड, पिंढऱ्या — सत्याप्पाच्या रंगाच्या. उन्हानं भाजलेला, पाण्यानं धुतलेला, अस्सल काळा रंग!

पंतांनी चित्रं पाहिली. "पारूबाई, गोष्ट फक्कड! पण हा वीर जरा…"

"जरा काय, पंत?"

"जरा उन्हातला वाटतो."

"उन्हातलाच आहे तो. पूर काय सावलीत येतो?"

पंत हसले. पंत भला माणूस हो! रोज काळभैरवाला — ह्याच, ह्या समोरच्या काळ्या पाषाणाला — लोटांगण घालायचे. पण छापखान्यात चित्रातल्या माणसांच्या कातडीला लावायच्या शाईचे दोनच डबे. एक गुलाबी, त्यावर चिठ्ठी 'नायक'. दुसरा काळसर, त्यावर चिठ्ठी 'चोर'. वडिलांपासूनची पद्धत! कारागिरानं चित्र बघायचंच नाही. नायक आला, हा डबा. चोर आला, तो डबा. विचार करण्याचा त्रासच नाही!

सत्याप्पानं इकडे साऱ्या घाटाला सांगून ठेवलं होतं, "म्या छापून येनार!" अंक आला. माणसं गोळा झाली. पारूनं पान उघडलं.

"ह्यो कोन गं, पारे?"

"तुम्हीच, बाबा."

"असा पांढराफटक? म्या आजारी हुतो व्हय तवा?"

लोक फिस्सकन हसले.

"आन् ह्यो? ह्यो तर हुबेहूब माझ्यावानी दिसतुया की!"

पारूनं पान उलटायला घेतलं.

"सांग की, कोन ह्यो?"

"तो चोर आहे, बाबा."

मंडळी, घाट खो खो हसला! "सत्याप्पा, काय काय चोरलंस रं?" सत्याप्पाही हसला त्यांच्याबरोबर. पण घरी आल्यावर म्हणाला, "पारे, माजं चित्र आता नगं छापूस. न्हाई छापलं तरी चालंल. पर असं नगं." आणि दुसऱ्या दिवशी घाटावर गेला नाही. पुराला न घाबरलेला माणूस हसण्याला घाबरला!

पारू तडक छापखान्यात. "पंत, वादळवीर माझ्या बापाच्या रंगात छापा, नाहीतर दुसरा चित्रकार बघा."

"अगं, काळा नायक कोण विकत घेईल?"

"भैरवाष्टमीचा अंक मी देते. मग बोला."

आता गंमत बघा! तिनं गोष्ट काय रचली? ह्याच देवळातला मुकुट चोर पळवतो आणि वादळवीर परत आणतो. मुखपृष्ठावर तिघे. मधे भैरव, एका बाजूला वीर, दुसऱ्या बाजूला चोर. चित्र छपाईला गेलं आणि कारागीर येऊन उभा. "पंत, देवाला कुठला डबा?"

हं! आता सांगा! गुलाबी भैरव? गाव चपलेनं बडवेल! मग काळी शाई? ती चोराची! पंतांना घाम फुटला. म्हणाले, "निळा करा. देव निळे चालतात!"

आत पंतांच्या आई, माई गुळवणी, वाती वळत होत्या. तिथूनच ओरडल्या, "माझा भैरव निळा? गारठलाय का तो? काळा आहे, काळाच छापायचा!"

"पण आई, ती चोराची शाई…"

"मग चोराला दुसरी लाव! माझ्या देवाचा रंग चोराला दिलास, तर उद्यापासून तुझं पान वाढायची नाही!"

झालं! चोर गुलाबी. वीर तर आधीच गुलाबी. नमुना छापून पाहिला, तर आत झोंबाझोंबीच्या पानावर दोन गुलाबी माणसं एकमेकांत अडकलेली. कुणाची तंगडी, कुणाचा हात, कळेना! पंतांनी चष्मा पुसला, पान उलटं धरलं, सुलटं धरलं. शेवटी कपाळावर हात मारून म्हणाले, "काळा करा तो वीर!"

असा आला हो न्याय! कुणाचं मन उघडलं म्हणून आला? नाही. तंगड्या ओळखू येईनात म्हणून आला! आपल्याकडे न्याय बहुतेक असाच येतो. दुसरी सोय उरली नाही, की!

कातडीचा रंग । पाहतो जो आधी ।
देव त्याला कधी । दिसेचिना ॥

पारू पळत घरी. "बाबा, बघा!" सत्याप्पानं अंक डोळ्यांजवळ नेला. देवाशेजारी त्याच्या रंगाचा वीर, हातात मुकुट. त्या वीरावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "ह्यो म्या." एवढंच! पारूचे डोळे भरले. आख्यान इथं संपवलं असतं, तर तुम्हालाही बरं वाटलं असतं. पण सत्याप्पानं बोट पुढं सरकवलं.

"आन् ह्यो गोरा? ह्यो चोर व्हय?"

"हो, बाबा."

"ह्यो तर शाळंतल्या जोशी मास्तरांच्या रंगाचा. पुरात त्यास्नी म्या खांद्यावर घेतलं हुतं. थरथरत हुते बिचारे, पर पोरांची पाटी सोडली न्हवती हातातली. पारे, ज्यास्नी म्या वाचवलं, त्यांचाच चोर केलास?"

पारू म्हणाली, "त्यांनी आपल्याला केलं तेव्हा?"

"तवा मला कसं वाटलं, ठावं हाय न्हवं तुला?"

मंडळी, पोर सकाळी छापखान्यात गेली आणि दोन्ही डब्यांवरच्या चिठ्ठ्या नखानं खरवडून काढल्या. पंत ओरडले, "अगं, आता चोर ओळखायचा कसा?"

पारू म्हणाली, "चोरी केली, की ओळखायचा!"

त्यानंतर वादळवीराला सोबती आले. कुणी पहाडातला, बारीक डोळ्यांचा. कुणी कोकणपट्टीचा हबशी. कुणी मास्तरांसारखा गोरापान. आणि चोरही सगळ्या रंगांचे! सत्याप्पा पुन्हा नावेवर बसला. घाटावरची पोरं भांडायची, "मी सत्याप्पा होणार, तू मागं सर!"

छान वाटलं ना? टाळ्या वाजवल्यात. थांबा, आता तुमच्याकडे वळते!

उद्या ह्याच मंडपात शाळेचं नाटक आहे. राजकन्या आहे, राक्षसीण आहे. आल्या आल्या मी विचारलं, राक्षसीण कोण झालीय? गुरुजी, मान का खाली घातलीत? "आवाज खणखणीत आहे तिचा" म्हणता? मग राजकन्या काय मुकी आहे? "पाठांतर चोख" म्हणता? मग मोठं काम का नाही दिलं? बोला! सगळा मंडप कारण जाणतो आणि सगळा मंडप गप्प बसलाय. तीही इथंच बसलीय, आईच्या पदराआड, आणि तिलाही कारण माहीत आहे.

निरांजन लावू नका अजून. गुरुजी, उठा! तिला नाव घेऊन हाक मारा. मोठ्यानं — तिच्या आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. राजकन्या व्हायचं का राक्षसीण, हे तिलाच विचारा. ती काय म्हणते ते आम्ही सगळे ऐकू, आणि मग आरती!