आधी हात बघते

माझा उजवा हात बधिर होतो, हे दोन वर्षं घसा कोरडा करून सांगत होते, पण कुणाचा विश्वास बसला तर शपथ! धायरीत चार घरी पोळ्या लाटते मी. नवरा म्हणायचा, "कामाचा कंटाळा आलाय हिला, दुसरं काय!"

आमच्या प्रणालीनं बारावीला गणित आणि बायो दोन्ही ठेवलेलं. डॉक्टरकीची परीक्षा दिली, इंजिनिअरिंगचीही दिली, दोन्हीकडे मार्क चांगले. बापाचं ठरलेलं, "इंजिनिअर हो. चार वर्षांत पगार सुरू." पोरगी गपगुमान मोबाइलवर इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायला बसली. मी तिला चहा द्यायला गेले आणि कप हातातून सुटलाच.

"झाली नाटकं सुरू," नवरा म्हणाला.

पोरीनं मोबाइल बाजूला ठेवला आणि माझं एकेक बोट दाबून बघितलं. "हे कळतंय, आई? आणि हे?" तीन बोटं कळलीच नाहीत.

"पप्पा, मी मेडिकलला जाते."

"अगं, दहा वर्षं जातील त्यात! पैसा कधी बघणार?"

"पैसा नंतर बघू. आधी हात बघते."

आता ती डॉक्टर होईपर्यंत याच हातानं पोळ्या लाटायच्या. थकले गं बायांनो. वर शेजारणी मलाच विचारतात, चांगली इंजिनिअर होणारी पोर फिरवली कुणी? नवऱ्याचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर कधी नाही. आज उखाण्याशिवाय घेते, कारण माझ्या दुखण्याला नाटकं म्हणून पोर फिरवली ती त्यानंच. दत्तात्रय!