तांब्याची हँडलं

भेटीची वेळ झाली तरी वॉर्डचं दार उघडलं नव्हतं. रांगेत एका शाळामास्तरांच्या पुढे नणंद-भावजय उभ्या होत्या. नणंदेने सहज दाराच्या हँडलवर नख ओढलं आणि तिचं डोकंच फिरलं.

"वहिनी, ह्यावर वार्निश फासलंय कुणीतरी!"

"मग? किती छान चकाकतंय."

"चकाकायला नव्हतं बसवलं ते! जंतू मारायला चांदीचा मुलामा महाग पडतो, शिवाय कोरड्या जागी तो ढिम्म असतो. म्हणून आमच्या लॅबने डोकेफोड करून तांबं आणलं. त्याला टेकले की जंतू मरतात. आता टेकणार कशाला? वार्निशला?"

"अगं, काळीकुट्ट पडली होती सगळी. हात लावायला किळस यायची."

"पडू देत की! काळं तांबंही काम करतं. आत आईच्या पोटाला ताजे टाके आहेत, आणि ह्यांना चकाकी सुचतेय! कोणी तक्रार केली, तो शहाणा मला एकदा भेटू देच."

"भेटलाय. मीच बोलले मेट्रनबाईंना."

"तू?"

"हो, मी! आईंच्या दाराशी इतकी घाण बघवेना मला. रोज इथे मी बसते, तू नाही. एवढी डोकेफोड केलीत, तर 'हे काळंच राहणार' अशी एक पाटी लावायला काय झालं होतं तुमच्या लॅबला?"



आतून कडी निघाली. दोघींनी दार कोपराने ढकललं. मागून मास्तरांनीही.