सुई टोचायच्या आधीच

आमच्या रत्नागिरीच्या शुभाताईंना मी जवळजवळ नापासच केलं होतं, हे सांगितलंय का तुम्हाला?

ऐंशी सालानंतरची गोष्ट. ताई अ‍ॅक्युपंक्चर करायच्या. त्याला तेव्हा सरकारी लायसन्स असं काही नव्हतंच, पण लोक आपले विचारायचे, "लायसन नाय, मग सुया कशा टोचतात ह्या?" पेशंट कमी व्हायला लागले. शेवटी ताईंनी ठरवलं, सक्ती नसली तरी मुंबईच्या एका संस्थेची परीक्षा द्यायचीच. तिथे आपला पेशंट आपणच न्यायचा होता. माझा खांदा आखडलेला, म्हणून एस्टीने मीच बरोबर गेलो.

परीक्षकांसमोर ताईंचा हात थरथरायला लागला. मला काही राहवेना. दुखरा हात पार कानापर्यंत उचलला आणि म्हणालो, "बघा सर, काय गुण आहे ताईंच्या हाताला! जरासुद्धा दुखत नाही!"

सर म्हणाले, "अहो, त्यांनी अजून सुई टोचलेली नाही."

ताईंनी डोळेच मिटून घेतले. मी ओशाळून हात खाली घ्यायला गेलो, तर खांद्यात अशी कळ आली की हात वरच अडकला. "आई गं!" मी ओरडलो.

"हलू नकोस रे," म्हणत ताई झटकन पुढे आल्या. थरथर कुठल्या कुठे गेली. शांतपणे एकेक सुई लावत गेल्या आणि खांदा हळूहळू सैल व्हायला लागला.

सर म्हणाले, "बाई, पास झालात तुम्ही."

ताईंनी वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "थांबा जरा सर. आधी ह्याचा हात खाली येऊ दे."