निंबाखालचा अर्धा घंटा

हॅलो? … कोन? … आचल? मोठ्यानं बोल वं … हो, तुही मायच बोलून राहिली, मैनाबाई!

काय? … नाही वं, मी नाही पडली. कोनं सांगतलं? … प्रीतमनं? त्या समोरच्या घरच्या पोट्ट्यानं? मले खातूनबीच्या घरात धावत जातानी पाहिलं, अन् डायरेक्ट अकोल्याले फोन?

… हो, तीच खातूनबी. शेजारची. … हो, भांडन होतं. अकरा वर्सं. तिच्या बकरीनं तुह्या लग्नाच्या कुरड्या खाल्ल्या होत्या … अवं, आयकतं का आता?

डाक्टरनं मले सांगतलं नव्हतं काय, बीपीसाठी रोज अर्धा घंटा झाडाखाली बसा? फोन नाही, बोलनं नाही … हो. त झाड एकच, दोन्ही आंगनाच्या मधातला निंब. पयल्या दिवशी गेली त खातूनबी पहिलेच तिथं! तिलेबी त्याच डाक्टरनं सांगतलं होतं!

… मी काहून उठू? तीबी उठेना. मंग बसलो. ती त्या अंगानं, मी ह्या अंगानं … पाठीले पाठ, हो! हास, हास.

मी पाखराइले पानी ठेवो, ती जवारी टाके. चिमन्या येत, साळुंक्या येत. दोन मयने, एक शब्द नाही … पन आचल, तुहे बाबा गेले तवापासून डोक्यात जे भनभन होती ना, ते तिथं थांबे. वरतून पानं पडत, तिकून तिच्या जपमाळेचा बारीक आवाज ये … बस.

… रडून नाही राहिली. सर्दी हाये.

आज काय झालं, गेली, पानी ठेवलं, त ती नाही! म्हनलं बरं झालं, अख्खं झाड आपलं. पन मन कुठं लागते? चिमन्या माह्याकडंच पाहून राहिल्या. दहा मिनिटात उठली, तिच्या घरी गेली. एकटी खाटेवर पडून होती, पाय टम्म सुजला होता! पोरगा शाहनवाज गेला गावाले.

… काय बोलनार? म्हनलं, 'काहून नाही आली?' ती म्हने, 'पाखराइले दाने टाकले का?' … हो, हेच. अकरा वर्सानं!

काय? … रविवारी गाडी नको आनू. नाही येत मी अकोल्याले. … हो, माहीत हाये, सहावा माळा, लिफ्ट हाये. खाली कोन बसते पन?

… अवं, शांती कायची आता! हळद गरम करून लावली, च्या पाजला, अन् तिनं तोंड उघडलं. घंटा झाला, बंदच नाही होऊन राहिली!

… आली वं खातूनबी, आली! आचल हाये … हो, तुहा सलाम सांगते तिले.

ठेव बापा फोन. अकराही वर्साचं सारं पयल्यापासून सांगून राहिली ते … आताशी दुसरं वर्स लागलं. ठेव!