मोहाखाली झाडलं त काय गुन्हा केला?

...नाही, पण फोन ठेवायच्या आधी मले एक सांगा, दोन शेतांमधल्या धुऱ्यावरचा कचरा झाडला त काय गुन्हा केला मी? तुम्ही सारे तिथं फुलचूरले पंख्याखाली बसून माझ्या सालेकस्याच्या वाडीतले वांगे खाता, सांबार-कोथिंबीर नेता, तवा कोणी विचारत नाही की सुलोचनाबाई, होळी झाली की तिथं किती कामं असतेत? आमचे हे, तुमचे भैयाजी, विचारतेत. पण कसं? खुर्चीतून न उठता म्हणतेत, "शौक आहे ना तुझा? शौकात घाम येत नसते." येते बाप्पा! नोकरीत जन्मभर आला नाही तेवढा येते.

त होळी झाली अन् मी बसली येऊन वाडीतल्या खोलीत मुक्कामाले. लिंबाले आळे केले, शेवगा छाटला, झाडांच्या बुडाले चुना-गेरू लावला, त्यातला अर्धा साडीले, वांग्याच्या बुडाशी धानाची तणीस पसरली... अन् मंग पाहते त काय, धुऱ्यावरच्या मोहाखाली ही वाळल्या पानांची गादी! म्हटलं, चांगलं खत होईल. घेतला खराटा, अन् असं झाडलं, असं झाडलं, की तिथं ताट न घेता जेवायले बसावं.

दुसऱ्या दिवशी नळी कोरडी.

आता पाणी कोणाचं, त पार्वताबाईचं. धुऱ्यापलीकडची शेजारीण माझी. तिच्याच बोअरची नळी माझ्या वाडीत येते, मायेनं देते बिचारी. मी इकडूनच हाक मारली, "पार्वताबाई, मोटर बिघडली का वं?"

तिकडून आवाज, "मोटर चांगली आहे. माणसं बिघडले."

गेली मी धुऱ्यावर. म्हटलं, काऊन रागावली? त पदर खोचून म्हणते कशी, "मोह झाडला ना तुम्ही, म्याडम? मोहाखाली जो झाडते, तोच फुलं वेचते. माझी सासू झाडे, मंग मी झाडो. यंदा तुम्ही झाडला, झाड तुमचं झालं. आता तुमच्या झाडालेच पाणी मागा."

आता मी काय आईच्या पोटातून शिकून आली होती हे? तिथं पाटी लावली होती काय? कचरा झाडला, झाड नाही पळवलं... झाडलं त काय गुन्हा केला?

यांले फोन केला, त हे म्हणतेत, "माफी मागून टाक." कायले मागू? "मंग वांगे वाळतील." वाळू द्या. "वाळले त वाडी विकायची, छोटेलाल गिऱ्हाईक घेऊन बसला आहे." अन् मी रागारागात काय बोलली? विका! तो छोटेलाल दलाल त टपूनच होता, लगेच त्याचा फोन, "भाभीजी, इस उमर में मिट्टी में क्या रखा है? फ्लॅट लीजिए, लिफ्ट है." अरे बाबा, लिफ्टमधी वांगे लागतेत काय? फोन ठेवला, अन् खरं सांगते, शेवग्याखाली बसून रडली मी. वांग्यांनी माना टाकल्या होत्या, अन् ही वाडी माझी एकटीची हौस आहे हो, दुसरं काही मी स्वतःसाठी कधी मागितलंच नाही.

पण रडून झालं, तसं डोकं फिरलं. झाड माझं झालं म्हणते? ठीक आहे. मंग माझ्या झाडाचं मी पाहीन. फटफटलं तशी गेली मोहाखाली. टप टप फुलं पडून राहिले, अन् मी वाकून वेचून राहिली. कंबर म्हणे थांब, गुडघे म्हणत घरी चल, पण कोणाचं ऐकलं नाही. टोपली भरली, उचलली, अन् पार्वताबाईच्या आंगणात नेऊन आदळली. म्हटलं, "माझ्या झाडाचा मोह आहे. मले वाटल त्याले मी देईन. घे."

तिनं टोपलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. हसणं दाबलं, पण मले दिसलं. म्हणते, "घेते. अन् माझ्या बोअरचं पाणी आहे, मले वाटल त्याले मी देईन. जाय घरी, नळीखाली बादली ठेव. अन् उद्या उजाडायच्या आत ये, दोघी वेचू."

माफी? तिनं मागितली नाही, मी मागितली नाही. पाणी आलं.

वांगे उभे झाले तसा यांले फोन लावला, छोटेलालले सांगा, फ्लॅट तूच घे. यांनी फोनच ठेवला. अन् दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं हजर! चेहरा पाडून, पिशवी घेऊन. मी चहा ठेवायले आत गेली, बाहेर येते त हे गायब. अन् मंग दिसले... हातात खराटा, सदरा घामानं चिंब, तोंडावर अशी खुशी की लग्नातही पाहिली नव्हती. म्हणतेत, "वाडी ठेवायचीच आहे ना आता, मंग म्हटलं हातभार लावू. पाह्य कसं चकाचक झाडलं!"

झाडलं. पण कुठं? धुऱ्यावरचा मोह सोडून, पलीकडं दुसऱ्या शेजाऱ्याच्या, उदारामच्या धानाच्या बांधीत त्याचा मोह आहे, त्याच्याखाली! अन् आमच्या वाडीले जायची वाट कुठून जाते? त्याच बांधीतून. सांजच्याले वाटेवर बोरीचे काटे येऊन पडले.

म्हणून सांगते, वाट बंद आहे, यंदा वांगे मागू नका. यांले टोपली देऊन उदारामच्या मोहाखाली वेचायले उभं केलं आहे. मी खुर्ची टाकून बाजूले बसते, अन् पाच-पाच मिनटांनी सांगते... शौकात घाम येत नसते.