झाकण ठेवेपर्यंत

— नाही नाही पाहुणे, रस्सा पिऊ नका. तो त्या लाकडी बादलीत ओता. रस्सा पिणारा माणूस तीस वाडग्यांच्या पुढे जात नाही, बावीस वर्षं बघतेय मी — हं, घ्या! — शेवया तेवढ्या उचलायच्या, चावल्यासारखं करायचं, गिळायच्या, आणि वाडगा पुन्हा माझ्यापुढे. बोलायचं नाही. बोलायचं काम माझं, खायचं तुमचं. — चालू द्या! — हा पंधरावा. एका वाडग्यात घासभरच असतात, पंधरा झाले की दुकानातल्या एका मोठ्या वाडग्याएवढ्या होतात. म्हणजे जेवण झालं तुमचं. आता जाईल ते हौसेचं.

झाकणाचं सांगितलं ना खाली मालकीणबाईंनी? ते बघा, उजव्या हाताशी आहे. पोट भरलं की वाडगा रिकामा करायचा आणि झाकण ठेवायचं. ‘पुरे’ म्हटलेलं चालत नाही. हात आडवा धरलेला चालत नाही. मान हलवलेली तर नाहीच नाही. झाकण बसेपर्यंत मी वाढत राहणार, आणि झाकण बसायच्या आत माझा घास पडला तर तो खायचा आणि पुन्हा पहिल्यापासून झटापट. हसू नका, ठसका लागेल. एक नागोयाचे गृहस्थ होते, चांगले धिप्पाड, नव्वदाला रडकुंडीला आले — झाकण ठेवायला जागाच देईना मी त्यांना. शेवटी हात जोडले बिचाऱ्यांनी. हात जोडलेलेही चालत नाहीत म्हटलं. — हं, घ्या!

ती वही बाजूला ठेवा, शिंतोडे उडतील. सगळ्या गावांचं लिहून आणलंय होय? सेंदाईला बैलाची जीभ, आकिताला भाताच्या भाजलेल्या कांड्या, आणि मोरिओकाला आम्ही. सकाळी जाजामेनच्या कोरड्या शेवया खाल्ल्यात? आणि त्यावर हे? धन्य आहे तुमची. मग शेवटी त्याच ताटलीत अंडं फोडून वर गरम पाणी मागून प्यायलात की नाही? नाही? कप्पाळ! अहो, त्यासाठीच तर खायचं ते. वहीत लिहून आणणाऱ्यांचं हे असं होतं — नाव लिहिलेलं असतं, शेवट लिहिलेला नसतो. — चालू द्या! — एकतीस. थोडा मुळ्याचा कीस घ्या मधे, जिभेला बरं वाटतं. अक्रोड नको, अक्रोड पोटात बसतात.

काय? घड्याळाकडे बघतेय होय मी? बघतेय खरी. तीनला खाली फोन यायचाय. काही नाही हो, दवाखान्याचा. आईचं. म्हातारपण, दुसरं काय. खा तुम्ही. — हं, घ्या! — खांदाही दुखतो ना, म्हणून मधेच थांबल्यासारखी होते. तो जुना आहे. हिवाळा आला की आधी त्याला कळतं, मग इवाते डोंगरावर बर्फ दिसतं. आज सकाळी दिसलं. बघितलंत? पुलावरून छान दिसतो डोंगर. आणि पुलाखाली नदीत मासे आलेत — मोठे साकेमासे, इथेच जन्मलेले, शेवटी समुद्रातून वर चढून थेट गावात येतात आमच्या. दरवर्षी याच दिवसांत. लोक सकाळी कामाला जाताना कठड्यावर वाकून वाकून बघतात आणि मग उशीर झाला म्हणून पळतात.

आईच मला न्यायची बघायला. तीही इथेच वाढायची, याच माडीवर, एकतीस वर्षं. योनेबाई म्हणून विचारा खाली, म्हाताऱ्या स्वयंपाकीणबाईंना अजून आठवते ती. मला हात धरून शिकवलं तिनेच. म्हणायची, किनुए, जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नकोस, तोंड खोटं बोलतं. हाताकडे बघ. हात झाकणाकडे सरकला की त्याला काहीतरी विचार — कुठून आलात, घरी कोण असतं, काहीही. माणूस भला असतो, उत्तर द्यायला मान वर करतो, हात थांबतो. तेवढ्यात वाढ. — हं, घ्या! — बघा, आत्ताच तुम्ही वर बघितलंत. अशीच गंमत आहे. या कामात माझ्याएवढी तरबेज बाई या दुकानात नाही, हे मी म्हणत नाही, मालकीणबाई म्हणतात. — चालू द्या! — अठ्ठेचाळीस. दम घ्या जरा, मी कुठे पळून जात नाही.

तीनच्या फोनवर आईला नळी बसवायची का, एवढंच विचारणार आहेत. पोटाला बारीकसं भोक पाडून नळी बसवतात म्हणे, त्यातून खाणं थेट आत. तोंडाचा प्रश्नच नाही. डॉक्टर चांगले आहेत, तरुण आहेत, म्हणाले, आजींचं वय बघता मी काही सुचवत नाही, तुमच्याकडूनच हो किंवा नाही आलं पाहिजे, उद्या तीनला फोन करतो, तेव्हा सांगा. उद्या म्हणजे आज. दुसरं कोण सांगणार, मी एकटीच तिची. नवरा नाही, भावंडं नाहीत. मी तर हो म्हणून टाकणार होते. का नाही म्हणणार? आमच्या घरात कुणी कुणाला उपाशी ठेवलेलं नाही. दोन पिढ्या वाढण्यातच गेल्या आमच्या — हं, घ्या! — नऊ दिवस झाले तिने धड काही घेऊन. पेज देतात. पातळ, मीठ घातलेली. मी चमचे मोजते. मोजायची सवयच आहे ना. परवा तीन. त्याच्या आदल्या दिवशी पाच. शब्द तर चार दिवसांत एक नाही. नुसती खिडकीकडे बघते.

काल काय झालं, मी वाडगा तिच्यापुढे धरला होता, तर तिचा हात पांघरुणातून बाहेर आला. काडीसारखा झालाय तो. सावकाश आला आणि वाडग्यावर बसला. असा, पालथा. मी हसले. म्हटलं, आई, हे गं काय, हात आडवा धरलेला चालत नाही आपल्यात, झाकण कुठाय तुझं? थट्टेनं म्हटलं मी. तिलाही हसू येईल असं वाटलं होतं. — चालू द्या — ती बघत राहिली माझ्याकडे. मग मी विचारलं, आई, नदीत मासे आलेत, माहितेय तुला? आणि तिने मान वर केली. हात बाजूला झाला. तोंड उघडलं.

आणि मी चमचा घातला.

पाहुणे, चार दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं होतं तिने. खायला नव्हतं उघडलं. माशांचं ऐकून तिला काहीतरी बोलायचं होतं, ओठ हलले होते, मी बघितले, बघूनही हात गेला माझा. बावीस वर्षांचा हात, तो कुठे थांबतो? ठसका लागला तिला. ओठ निळे पडले. नर्सबाई धावत आल्या, पाठीवर थोपटलं, पेज गळ्यावरून खाली आली सगळी, आणि त्या पोरीने — माझ्या निम्म्या वयाची पोर — माझ्या हातातला वाडगा नुसता काढून घेतला. रागावली असती तरी बरं झालं असतं. त्यानंतर आईने तोंड मिटलं ते मिटलंच. काय म्हणणार होती, ते राहिलं.

घ्या ना. थांबलात का? असे बघू नका माझ्याकडे, मी काही रडत नाहीये, वाफ आहे ही. — हं, घ्या — बासष्ट. माझं हे असं, पाहुण्यांना हसवायचं सोडून. मालकीणबाईंना सांगू नका हं. मला म्हणाल्या होत्या आज येऊ नकोस, पण घरी बसून काय करायचं होतं, घड्याळच बघायचं ना. इथे निदान हात चालतात.

मी सहा-सात वर्षांची असेन, पुलावरून त्या माशांना शेवया टाकायचे. आईने कामावरून उरलेल्या आणलेल्या असायच्या, कागदात बांधून. मूठ मूठ टाकायचे आणि एकही मासा तोंड लावायचा नाही. शेवया आपल्या पांढऱ्या पांढऱ्या वाहून जायच्या. मी रडायला लागले, म्हटलं, यांना आवडत नाहीत आपल्या शेवया. तर आई म्हणाली, अगं वेडे, नदीत शिरले की ते खातच नाहीत. समुद्रात खाऊन घेतलं त्यांनी सगळं. आता घरी आलेत ना ते. — असं म्हणाली आणि कागदातल्या उरलेल्या शेवया तिथेच उभ्या उभ्या आम्ही दोघींनी खाल्ल्या. गार झाल्या होत्या.

— चालू द्या. एकाहत्तर.

तुमचा हात सरकला. बघितला मी. झाकणावर आहे तो. आणि माझ्या हातात हा वाडगा भरलेला आहे, मला फक्त एवढं विचारायचं, की पाहुणे, घरी कोण कोण असतं —

नाही विचारत. हा बघा, खाली ठेवला. तुम्हाला काहीतरी म्हणायचंय मघापासून. बोला. आधी गिळा, मग बोला सावकाश. मी वाढत नाही.

...

हं. पोट भरलं म्हणता. झाकण ठेवलंत. नीट बसलंय. मी बघितलं.

एकाहत्तर म्हणजे चांगलेच झाले. शंभर झाले की देतात ती लाकडी पाटी नाही मिळायची, पण खाली कागदावर आकडा लिहून देतील, तो चिकटवा वहीत. हे माझ्या ताटातले वाडगे? चार राहिलेत. राहू द्या, ते मोजायचे नसतात. झाकणावर ओतून काय होणार? सांडतं नुसतं.

वाजतोय ना? हो, खालचाच. — आले, मालकीणबाई, आले! धरून ठेवा म्हणावं, मी सांगते त्यांना — सरका जरा पाहुणे, जिना अरुंद आहे. मला आधी उतरू द्या.