गाणं संपल्यावरची गोळी

सांगलीच्या एसटी स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची रांग हलायचं नाव घेईना, आणि शालूबाईच्या पुढचे दोघे भांडायचे थांबेनात. एक नाटक मंडळीचे मालक आप्पासाहेब; नायकही तेच. दुसरा माधवनगरच्या गिरणीतला कृष्णात, विंगेतून पडद्याचे, दिव्यांचे इशारे द्यायला शिकणारा.

"माजं गाणं संपलं की गोळी. एवढंच ध्यानात ठेवायचं व्हतं ना रं?"

"व्हय. संपलं, मी हात खाली केला, मागं फटाका वाजला."

"आन् म्होरनं वन्स मोअर आला! मेलेला मानूस उठून गातो व्हय?"

"तुमी उठलासा की."

"मग काय, सोडून देऊ? लोकांचा नूर बघून हात खाली करावा गड्या. अक्कल लागती त्याला."

"आप्पा, आजवर कवा आलाय वन्स मोअर तुमच्या गाण्याला? मी वाट तरी कशाची बघू?"

"तोंड लय सुटलंय तुजं. आज साताऱ्यात इशारा धोंडीबा देईल. तू खुर्च्या मांड."

कृष्णातचं तोंड एवढंसं झालं. शालूबाईला राहवेना.

"आवं मालक, त्याला कशाला काढता? काल मी म्होरल्याच रांगंत व्हते."

"मग ऐकला न्हाई वन्स मोअर?"

"ऐकतीय कशाला? मीच दिला. गोळीला दिला वो, गाण्याला न्हाई."

आप्पासाहेब गाडी बघू लागले.

"आन् आज माजी भन बसनार हाय खेळाला. फटाका जरा लवकर वाजवा म्हनावं."